लिहायला लायकी लागते का?

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला जी गर्दी लोटते ती एका समाधीसाठी, हे खरेच. पण ती समाधी एका लेखकाची आहे, हे त्या गर्दीत फारसे कुणी बोलून दाखवत नाही. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ बालाघाटच्या डोंगरात शिरले की ही दरी लागते. पावसाळ्यात कड्यावरून धबधबा कोसळतो आणि खाली मन्मथ स्वामींचे समाधिमंदिर आहे. मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या आणि पदयात्रा येतात. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म, आणि बऱ्याच जणांच्या पिशवीत कापडात गुंडाळलेली ‘परमरहस्या’ची पोथी. सोळाव्या शतकातल्या या वीरशैव संताने शिव-पार्वतीच्या संवादाच्या रूपात हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिला. शिवनाम सप्ताहात त्याची पारायणे होतात, गावच्या मंडपात शे-दोनशे माणसे एका सुरात तो वाचतात. वयाची शंभरी ओलांडून 2020 साली वारलेल्या अहमदपूरच्या डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराजांनी या सप्ताहांची आणि कपिलधारच्या पदयात्रेची गोडी लोकांना लावली. चारशे वर्षांपूर्वीचे पुस्तक ज्यांना विद्यापीठाची पायरी ठाऊक नाही अशा माणसांच्या तोंडी आजही आहे. असे भाग्य आपल्याकडच्या किती लेखकांना लाभले, याचा हिशेब साहित्य संमेलनात कधी मांडला जात नाही.

लिहू पाहणाऱ्या माणसाला पहिल्यांदा अडवतो तो लायकीचा प्रश्न. मी कोण लिहिणारा? घरात कुणी लिहिणारे नाही, भाषा गावाकडची, वाचन तोकडे, आणि प्रतिभा म्हणतात ती आपल्याकडे आहे की नाही कोण जाणे. हा प्रश्न जगात सगळीकडच्या लिहिणाऱ्यांना छळतो, पण आपल्याकडे त्याला धर्माचे पाठबळ मिळते. शाळेपासून आपण ऐकत आलो की जनीचे अभंग खुद्द पांडुरंगाने उतरवून घेतले, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तेराव्या दिवशी कोरड्या परत दिल्या. अशा कथांवर वाढलेल्या पोराने कविता वरून येते, आणि निवडलेल्यांनाच येते, असा समज करून घेतला तर त्याला दोष देता येत नाही. मग त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. प्रसादाची वाट पाहत बसायचे, नाहीतर लिहिण्याची हौस म्हणजेच अहंकार असे ठरवून ती दाबून टाकायची. दोन्हींनी वही कोरीच राहते. माझे म्हणणे असे की ज्या परंपरेच्या नावाने हा धाक बसतो, तिचे स्वतःचे वागणे याच्या नेमके उलट होते. तिने लिहिण्याकडे काम म्हणून पाहिले, आणि कामाला दाखला लागत नाही.

मन्मथ स्वामींचेच पाहा. न लिहिण्यासाठी त्यांच्यापुढे कारणांची रास होती. संप्रदायाचे शास्त्र संस्कृतात तयार होते. ‘सिद्धांतशिखामणी’सारखा ग्रंथ होता. अनुभवाची वाणी कन्नडात तयार होती. बसवण्णा, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी यांची वचने त्यांच्या चार शतके आधीची. यानंतर आपण काय नवे सांगणार, असे कुणी म्हटले असते तर त्याला तोड नव्हती. पण गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यातला वीरशैव वाणी, शेतकरी, कुंभार ना संस्कृत जाणत होता, ना कन्नडात देवाशी बोलत होता. त्याच्यासाठी लिहायला कुणीतरी हवे होते. आपण सर्वांत योग्य आहोत का, हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो. ऐकणारा समोर बसला आहे, त्याच्याशी त्याच्या भाषेत कोण बोलणार, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. त्याच संप्रदायातल्या शांतलिंगांनी निजगुण शिवयोगींचा कन्नड ‘विवेकचिंतामणी’ मराठीत आणला, तोही याच गरजेतून. आणि बीड जिल्ह्याला हे नवे नव्हते. अंबाजोगाईत ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, म्हणजे 1188 साली, ‘विवेकसिंधू’ मराठीत लिहिला अशी परंपरा आहे. अद्वैत मराठीत सांगितलेले तेव्हा विद्वानांना कितपत रुचले असेल याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. पुढे एकनाथांनी भागवत मराठीत आणले तेव्हा काशीच्या पंडितांनी धरलेला आक्षेप तर प्रसिद्धच आहे. नवा लेखक ज्याला स्वतःची उणीव समजतो, की मला फक्त माझ्या माणसांची भाषा येते, तीच यांची सगळ्यात मोठी शिदोरी होती.

या दृष्टीला शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या साथीतल्या शिवभक्तांच्या, परंपरेत एक नाव आहे: कायक. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, त्यांच्या अनुभवमंटपाच्या सभेत नावाडी अंबिगर चौडय्या होता, परीट मडिवाळ माचय्या होता, दोर वळणारा नुलिय चंदय्या होता. पोटापाण्याचे प्रामाणिक काम हीच पूजा, त्यापलीकडे वेगळा कैलास नाही, अशी त्यांची धारणा. (मन्मथ स्वामींची परंपरा मठाची आणि आचार्यांची, ही कल्पना शरणांची, दोन्हींची मोट एकत्र कशी बांधता, असे कुणी विचारील. वीरशैव आणि लिंगायत या आजच्या वादात शिरण्याचे इथे कारण नाही. कपिलधारची दिंडी बसवण्णांचेही नाव घेते, एवढे माझ्यापुरते पुरेसे आहे.) या मंडळींत आयदक्की मारय्या आणि त्याची बायको लक्कम्मा यांची एक गोष्ट सांगतात. सांडलेले तांदळाचे दाणे वेचणे हे मारय्याचे कायक. रोजच्या दासोहाला, म्हणजे जंगमांच्या पंगतीला, लागतील तेवढे वेचून आणायचे. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त दाणे आणले. लक्कम्माने ओंजळ पाहिली आणि ओळखले. हा हव्यास तुमचा की दुसऱ्या कुणाचा, असे विचारून तिने त्याला जास्तीचे दाणे जिथून आणले तिथे परत टाकून यायला लावले.

लिहिणाऱ्याने या गोष्टीशी जरा थांबावे. मारय्याचे काम अगदी हलके, कुणी ज्याला धंदाही म्हणणार नाही असे. तो दाणे पिकवत नाही, सांडलेले वेचतो. लेखकही बहुतेक वेळा हेच करतो. लोक बोलताना सांडतात ते वेचतो, बाजारात, एसटीत, मयतीत. दुसरे, काम रोजचे आहे. आज देवाने सुचवले नाही म्हणून आज दाणे वेचायचे नाहीत अशी सवलत त्यात नाही. आणि तिसरे, जे मला सर्वांत मोलाचे वाटते: जास्तीचे परत करायचे. नव्या लेखकाचे लिखाण बहुधा कमीपणाने बिघडत नाही, जास्तीने बिघडते. सूर्यास्त झाला एवढे पुरे असताना सूर्य क्षितिजाच्या कुशीत विसावतो, आई रडली एवढे पुरे असताना तिच्या डोळ्यांतून आसवांच्या सरी वाहतात. हे शब्द आपले नसतात, कुणाच्या तरी पुस्तकातून उचललेले असतात. ते परत टाकून यावेत. घरात लक्कम्मा असली तर उत्तम; नसली तर लिखाण आठ दिवस बाजूला ठेवावे आणि मग स्वतःच ओंजळ तपासावी.

आता आक्षेप. पहिला आणि जड आक्षेप असा की ही सगळी सिद्ध माणसे होती. त्यांनी काम केले म्हणून लिहिले असे नाही. त्यांना साक्षात्कार झाला म्हणून लिहिले, आणि त्यांचा दाखला चार कथा लिहू पाहणाऱ्या पोरापोरींना देणे म्हणजे संतांना खाली ओढणे. या आक्षेपाला समर्थ रामदासांचा आधारही काढता येईल. ‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकात त्यांनी कवित्वाचे तीन प्रकार केले आहेत. मनाला येईल ते जोडत जाणारे ते धीट, पुष्कळ ग्रंथ वाचून त्यांच्यासारखे केलेले ते पाठ, आणि लौकिकाची ओढ सुटलेल्या भक्ताच्या तोंडून उमटते ते प्रासादिक. खरे कवित्व तिसरे, असा त्यांचा निर्वाळा आहे. प्रसाद नसेल तर बाकी सारी उठाठेव, असा याचा अर्थ कुणीही काढील.

पण त्याच समर्थांनी त्याच ग्रंथात आणखी काय केले ते पाहायला हवे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनी लेखनक्रियेला दिला आहे, आणि तो जवळून वाचला तर थक्क व्हायला होते. अक्षर वाटोळे, सुटे, काळेभोर काढावे. पहिल्या पानावर जे अक्षर, तेच शेवटच्या पानावर, जणू एका टाकाने एका बैठकीत लिहिले आहे असे दिसावे. ओळी सरळ, काना-मात्रा-वेलांटी स्पष्ट. तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, ते म्हातारपणी कामाला येत नाही. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. तऱ्हेतऱ्हेचे कागद, शाई, लेखण्या, त्या तासायच्या सुऱ्या यांचीही उस्तवार त्यात आली आहे. ज्याच्या लेखी कवित्व म्हणजे निव्वळ प्रसाद, तो माणूस समास सोडायला सांगत बसत नाही. समर्थांना दोन्ही गोष्टी दिसत होत्या. प्रसाद कुणाच्या हुकमतीत नाही, म्हणून त्याबद्दल एक निकष सांगून ते मोकळे झाले. कागद, शाई, अक्षर, समास ही आपल्या हुकमतीतली बाब, तिच्याबद्दल मात्र ते कारकुनाच्या काटेकोरपणाने बोलले. तुकोबांचेही तसेच. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करायला लावले, असे ते सांगतात. पण तो प्रसंग ते वरदान मिळाले अशा थाटात सांगत नाहीत, एक काम अंगावर पडले अशा भाषेत सांगतात. आणि त्याआधी आपण संतांची वचने विश्वासाने पाठ केली होती, हेही ते आपल्या आत्मवृत्तपर अभंगात नोंदवतात. स्वप्न पडण्याआधी पाठांतर झालेले होते. नव्या लेखकाने हा क्रम लक्षात ठेवावा.

अंबाजोगाईच्या दासोपंतांबद्दल सांगतात की त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे. दंतकथा असेल; पण एका संताची थोरवी शाईच्या खपावरून मोजणारी दंतकथा लोकांनी जपली, यावरून त्या लोकांना लेखन म्हणजे काय वाटत होते ते कळते. 1551 ते 1615 हा त्यांचा काळ. त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात. आणि त्यांची पासोडी अंबाजोगाईत आजही आहे: चाळीस फुटांच्या आसपास लांब अशा कापडावर वेदान्तातला पंचीकरणाचा विषय त्यांनी ओळीमागून ओळ लिहून काढला आहे. माणूस अंगावर पांघरतो ते वस्त्रही यांनी लिहायला घेतले. आज ज्याच्या खिशात फोन आहे, पिशवीत वही आहे, त्याने लिहायला साधन नाही म्हणू नये, एवढे तरी ती पासोडी सांगतेच.

इथेच दुसरा आक्षेप उठतो आणि तो टाळता येणार नाही. सव्वा लाख ओव्या लिहिल्या, पण वाचतो कोण? ‘गीतार्णव’ संशोधकांच्या कपाटात राहिला. त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान असलेली ज्ञानेश्वरी घराघरांत गेली. मग रोज शाई संपवली की लेखक होतो, हा हिशेब कुठे टिकला? नाही टिकला, आणि टिकवण्याचा माझा आग्रहही नाही. कष्टाने थोर लेखन होईलच असे वचन कुणी देत असेल तर त्याच्यापासून नव्या लेखकाने दूर राहावे. अशी वचने शिकवणीवर्गांच्या जाहिरातीत शोभतात. कायकाचा दावा याहून लहान आणि म्हणून अधिक भरवशाचा आहे. काम मन लावून केले तर करणारा बदलतो, आणि त्या कामाची कुणाला तरी गरज असते, एवढेच तो सांगतो. ज्ञानेश्वरी होईल की गीतार्णव, हे लिहिणाऱ्याला लिहिताना कळत नाही. ज्याला आधीच कळले पाहिजे, हमी मिळाली तरच जो टाक उचलणार, त्याने दुसरा उद्योग पाहिलेला बरा. त्यात कमीपणा नाही. हल्ली यंत्रही मागाल तेवढी पाने क्षणात लिहून देते, मग आपण का लिहायचे, असेही विचारले जाते. पाने मिळवणे हाच हेतू असेल तर खरोखरच लिहू नये. पण मारय्याने दाणे विकत आणले असते तर पंगत झाली असती, मारय्याचे कायक झाले नसते.

तिसरा आक्षेप नावाचा. सेवा म्हणून लिहायचे तर नाव कशाला, मानधन कशाला, पुरस्काराकडे डोळे कशाला? बसवण्णांच्या वचनांच्या शेवटी त्यांचे नाव येत नाही, कूडलसंगमदेवाचे येते. अल्लमांच्या वचनात गुहेश्वर येतो, अक्कमहादेवींच्या वचनात चन्नमल्लिकार्जुन. हा दाखला जोरकस आहे, पण अपुरा आहे. त्याच मंटपात बसणाऱ्या अंबिगर चौडय्याने आपल्या वचनांवर आपलेच नाव घातले, तेही धंद्यासकट: नावाडी चौडय्या. त्याला कुणी मंटपातून उठवल्याचे ऐकिवात नाही. मराठीत तर नामा, चोखा, तुका सगळेच शेवटच्या चरणात नाव घालतात, आणि मन्मथ स्वामींच्या अभंगांतही त्यांचे नाव येते. तिथे नाव म्हणजे मिरवणूक नव्हे. हे मी बोललो, याला मी जबाबदार, अशी ती सही आहे. नाव लपवण्यात जेवढा अहंकार असू शकतो तेवढाच ते मिरवण्यात. अहंकार नावात नसतोच, तो ओंजळीतल्या जास्तीच्या दाण्यांत असतो. पैशाचेही असेच. कायकात मोबदला निषिद्ध नव्हता. शरण आपापल्या धंद्यावर जगत आणि त्यातून दासोह करत. फुकट राबणे ही भक्ती नव्हे. दिवाळी अंकाने मानधन बुडवले तर ते मागावे, आणि मागताना लाजू नये. पुरस्काराबद्दल मी जास्त बोलत नाही. तो दासोहाचा भाग नाही आणि कायकाचाही नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याकडचे नवे लेखक मुळीच शिकत नाहीत, आणि ती परंपरेत ठळक लिहिलेली आहे: लिहिणे एकट्याचे काम नव्हते. जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका अभंगात तर लेखनिकांची यादीच आहे. ज्ञानेश्वरांचे बोल सच्चिदानंदबाबा उतरवतात, निवृत्तिनाथांचे सोपानदेव, मुक्ताईचे ज्ञानदेव, सावता माळ्याचे काशिबा गुरव, चोखोबांचे अनंतभट्ट. आणि जनीचा लेखनिक पांडुरंग. पांडुरंगाचा चमत्कार आपण लक्षात ठेवला आणि बाकीची यादी विसरलो. त्या यादीत भाऊ बहिणीचे लिहितो आहे, ब्राह्मण महाराचे लिहितो आहे. तुकोबांच्या गाथेमागे संताजी जगनाडे आहेत. 1584 साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि यात आपली ओवी घुसडू नये अशी ताकीद देऊन ठेवली. मराठीतले हे थोर संपादन, आणि ते स्वतः मोठा कवी असलेल्या माणसाने दुसऱ्या कवीसाठी केले. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची जुनी प्रत सापडली ती बीडच्या पाटांगणावर. ती प्रत तिथे होती, कारण कुण्या एका अनाम माणसाने बसून ती नकलून काढली होती. आणि कन्नड वचने आज आपल्याला वाचायला मिळतात ती विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांच्यामुळे. ताडपत्रे गोळा करत ते गावोगाव फिरले, 1923 साली ‘वचनशास्त्रसार’ काढले, आणि छापखान्यासाठी राहते घर विकले.

तेव्हा सल्ला द्यायचाच तर तो या साऱ्यातूनच निघतो, आणि तो कुठल्याही तंत्राच्या पुस्तकापेक्षा जुना आहे. आवडीच्या लेखकाची चार पाने हाताने उतरवून काढावीत. वाक्य कुठे वळते, कुठे थांबते, हे डोळ्यांना कळत नाही, हाताला कळते. लिहिलेले मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याला ऐकवावे. परमरहस्य चारशे वर्षे टिकले ते कानांवर तपासले जात राहिल्यामुळेही. रोजची वेळ ठरवावी, ती थोडी असली तरी चालेल, पण ती मोडू नये. एक माणूस असा शोधावा की जो तुमचे लिखाण वाचून वाहवा करणार नाही, आणि त्याच्यासाठी तुम्ही तेच करावे. आणि आपला विषय दूर शोधू नये. सावता माळ्याला मळा पुरला, गोरोबांना मडकी पुरली, चौडय्याला होडी पुरली. मराठवाड्यातले कथाकार भास्कर चंदनशिव यांना बाजारात भाव न मिळालेले टोमॅटो पुरले. ‘लाल चिखल’ ही कथा शाळेत वाचलेला मुलगा बापाने स्वतःच्या हाताने पिकवलेला माल पायाखाली तुडवल्याचे दृश्य जन्मात विसरत नाही.

बीडच्या लिहिणाऱ्याला तर विषय दारातून रोज जातो. दिवाळी झाली, कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की एकीकडे कपिलधारच्या दिंड्या निघतात आणि त्याच सुमारास दुसरीकडे ऊसतोडीच्या टोळ्या. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, ट्रॅक्टरवर संसार चढतो, आणि पुढचे पाच-सहा महिने सातारा-सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडात, उसाच्या पाचटाच्या कोपीत जातात. मोळी बांधण्याचे, डोक्यावरून ती गाडीत चढवण्याचे, वाढे विकून चार पैसे करण्याचे शब्द त्या कोपीतल्या पोराला येतात, शहरातल्या लेखकाला विचारून घ्यावे लागतात. या जगण्यावर मराठीत लिहिले गेले आहे, नाही असे नाही; पण जे आहे त्यातले पुष्कळसे बांधावर उभे राहून लिहिलेले आहे. कोपीत अंधार असतो, वही ओली होते, शाळा बुडते, हे सगळे खरे आहे आणि कायकाचे तत्त्वज्ञान सांगून ते झाकता येणार नाही. ज्याला दोन वेळचे जेवण नाही त्याला रोज लिही म्हणणे हा क्रूरपणा होईल. म्हणून सल्ला त्यालाच देऊन भागत नाही. जनाबाईंच्या यादीतली दुसरी बाजू इथे कामाला येते. ज्याला लिहिता येते, वेळ आहे, आणि आपण लेखक आहोत का या शंकेने जो अडून बसला आहे, त्याने आधी कुणाचा तरी लेखनिक व्हावे.

याचे अलीकडचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्याबरोबर गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. त्या एक लाखाहून जास्त भरल्या, आणि त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी गायलेल्याही आहेत. ज्यांनी त्या रचल्या त्यांतल्या बहुतेकींना अक्षर येत नव्हते. लिहिता येणारे कुणीतरी शेजारी बसले म्हणून त्या राहिल्या. आता जाती गेली, पिठाच्या गिरण्या आल्या, आणि ज्यांना त्या ओव्या पाठ आहेत त्या बाया ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या घरात किंवा गल्लीत अशी एखादी आजी असेल तर या आठवड्यात वही घेऊन तिच्याजवळ बसा, ती म्हणते तसेच लिहा, आणि पानाच्या चारी बाजूंना समास सोडा.